जपानचा सुरुवातीचा सिनेमा: इतका थोडा उरला, तरी एवढी ओढ का?

नोव्हेंबर १८९९. तोक्योतल्या काबुकी-झा नाट्यगृहाच्या मागे, उघड्यावर, एक कॅमेरा मांडलेला. समोर काबुकी या जपानी पारंपरिक नृत्यनाट्याचे त्या काळातले दोन सर्वांत मोठे नट, नववे इचिकावा दांज्यूरो आणि पाचवे ओनोए किकुगोरो. (काबुकीत नाव घराण्यात पुढे चालतं, म्हणून हे नववे आणि पाचवे.) 'मोमिजीगारी' या नाटकातला एक प्रवेश शिबाता त्सुनेकिची चित्रित करत होते. त्या दिवशी वारा सुटला होता. नाचता नाचता दांज्यूरोंच्या हातातला पंखा वाऱ्यानं उडाला. पुन्हा चित्रण झालं नाही. आज ही जी काही मिनिटं शिल्लक आहेत, त्यांत तो निसटलेला पंखा तसाच आहे.

दांज्यूरोंना हे यंत्र काही फारसं आवडलेलं नव्हतं. आपण हयात असेपर्यंत हे चित्रण लोकांना दाखवायचं नाही, अशी त्यांची अट होती. पण १९०३ मध्ये ते आजारी पडले, ओसाकाला प्रयोगाला जाता येईना, तेव्हा त्यांच्या जागी ही फिल्मच दाखवली गेली. त्याच वर्षी ते वारले. नट नाही, पण त्याचं नाचणं आहे, ही गोष्ट तिथल्या प्रेक्षकांनी तेव्हा पहिल्यांदा अनुभवली असणार. आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना जपानी चित्रपट मानला जातो. २००९ मध्ये जपाननं त्याला 'महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती' हा दर्जा दिला. मूर्ती, देवळं आणि चित्रं यांना मिळणारा हा दर्जा चित्रपटाला मिळण्याची ही पहिलीच वेळ.

मला या जुन्या जपानी सिनेमानं धरून ठेवलं आहे ते त्या उडालेल्या पंख्यासारख्या गोष्टींमुळे. पुष्कळांना वाटतं की या चित्रपटांची किंमत ते दुर्मिळ आहेत म्हणून आहे, जुन्या नाण्यासारखी. मला ते पटत नाही. नाणं कपाटात ठेवलं तरी त्याचं मोल राहतं. हे चित्रपट मात्र पाहायला बसलं की कळतं, आपल्याला 'जपानी सिनेमा' म्हणून जे ठाऊक आहे, ते एका प्रचंड मोठ्या घराच्या एकाच खोलीतलं सामान आहे. बाकीच्या खोल्यांत काय होतं, याचा पत्ता अधूनमधून सापडणाऱ्या एखाद्या डब्यातून लागतो. आणि दर वेळी घराचा नकाशा थोडा बदलतो.

(जपानी नावं इथे त्यांच्या पद्धतीनं लिहिली आहेत, आडनाव आधी.)

पडद्याशेजारी बसलेला माणूस

हलती चित्रं आपल्याकडे आणि जपानात जवळपास एकाच सुमारास पोहोचली. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला ७ जुलै १८९६ रोजी. जपानात त्यांचं यंत्र फेब्रुवारी १८९७ मध्ये ओसाकाला लागलं. ते तिथे नेणारे इनाबाता कात्सुतारो खरे कापड आणि रंगाच्या धंद्यातले. फ्रान्समध्ये ल्याँ शहरात शिकायला असताना त्यांची ऑग्युस्त ल्युमिएर यांच्याशी ओळख झाली होती.

यंत्र तेच, फिल्म तीच. पण जपाननं तिच्याशेजारी एक माणूस बसवला. त्याला म्हणत बेन्शी. आता हा सगळा सिनेमा समजून घ्यायचा तर बेन्शी आधी समजावा लागतो, म्हणून इथे जरा थांबू या.

बेन्शी पडद्याच्या बाजूला एका छोट्या मेजापाशी उभा राहायचा किंवा बसायचा आणि अख्खा चित्रपट बोलायचा. म्हणजे नुसतं 'आता नायक घरी आला' असं सांगायचा नाही. म्हाताऱ्याचा आवाज, तरुणीचा आवाज, लहान पोराचा आवाज, सगळे संवाद तोच म्हणणार. मधल्या शांत जागी निसर्गाचं वर्णन करणार. परदेशी चित्रपट असेल तर पॅरिस कुठे आहे, तिथली माणसं अशी का वागतात, हेही सांगणार. खालून वाद्यवृंदाची साथ. आपल्या डोळ्यांसमोर कीर्तनकार आणला तर थोडी कल्पना येईल. त्याहून जवळचं उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथींचं. एकेक चित्र समोर धरून कथा गाऊन सांगायची त्यांची रीत. जपानातही बौद्ध भिक्खू चित्रांच्या गुंडाळ्या उलगडून त्यावरून कथा सांगत, त्याला एतोकी म्हणत. बुनराकू या बाहुलीनाट्यात बाहुल्या गप्प असतात आणि बाजूला बसलेला तायू सगळ्यांचे आवाज काढतो. चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ही सवय प्रेक्षकांना शतकानुशतकं होती. त्यामुळे पडद्यावरची माणसं बोलत नाहीत याचं त्यांना नवल वाटलं नसावं. कुणीतरी त्यांच्या वतीनं बोलणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

म्हणून 'मूकपट' हा आपला शब्द जपानच्या बाबतीत फसवा आहे. ते चित्रपट त्यांच्या आयुष्यात कधीच मुके नव्हते.

बेन्शी हे तारे होते. चित्रपटगृहाबाहेरच्या जाहिरातीत त्यांचं नाव झळकायचं. कुठला चित्रपट लागलाय याहून कुठला बेन्शी बोलणार आहे, हे पाहून लोक तिकीट काढायचे. तोकुगावा मुसेई यांच्यासारखा बेन्शी घराघरात ठाऊक होता. बेन्शींचा प्रभाव इतका की १९१७ मध्ये तोक्योच्या पोलिसांनी त्यांना परवाना सक्तीचा केला. एका अंधाऱ्या खोलीत शेकडो लोकांना चित्राचा अर्थ सांगणारा माणूस सरकारला मोकळा सोडायचा नव्हता. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभरात जवळपास सात हजार बेन्शी होते, त्यांत काही स्त्रियाही होत्या.

याचा चित्रपटांच्या बांधणीवर थेट परिणाम झाला. बेन्शी सांगणारच आहे म्हटल्यावर पडद्यावर लिखित पाट्या कमी टाकल्या तरी चालायचं. गोष्ट उडी मारत पुढे गेली तरी चालायचं. आज आपण अशी एखादी फिल्म एकट्यानं पाहतो तेव्हा मधे मधे काही कळेनासं होतं. तो दिग्दर्शकाचा दोष नसतो. आपण तबल्याशिवाय गाणं ऐकत असतो.

नायिकेच्या वेशातले पुरुष

सुरुवातीची वीसेक वर्षं जपानी चित्रपटांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. काबुकीतली ओन्नागाता परंपरा तशीच पडद्यावर आली. बालगंधर्व ज्यांच्या आजी-आजोबांनी पाहिले, किंवा फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेल्या अण्णा साळुंख्यांचं नाव ज्यांना माहीत आहे, त्यांना यात विचित्र असं काही वाटणार नाही. पण रंगभूमीवर दहा हात लांबून पटणारी गोष्ट कॅमेरा जवळ आला की पटेनाशी होते. १९१०च्या दशकाच्या शेवटी काही तरुण मंडळी म्हणू लागली की हे चित्रित केलेलं नाटक झालं, सिनेमा नव्हे. बायकांची कामं बायकांनी करावीत, कॅमेरा हलावा, गोष्ट बेन्शीनं नव्हे तर चित्रानं सांगावी. ही 'शुद्ध चित्रपटा'ची चळवळ. मुराता मिनोरू यांचा १९२१ चा 'रोजो नो रेइकोन' त्या वळणावरचा, आणि सुदैवानं तो शिल्लक आहे. काही वर्षांतच ओन्नागाता पडद्यावरून गेले.

त्यांच्यातलाच एक ओन्नागाता पुढे कॅमेऱ्यामागे गेला. त्याचं नाव किनुगासा तेइनोसुके. त्याच्याकडे पुढे येतो.

सगळं गेलं कुठे?

१९२०च्या दशकात जपान वर्षाला शेकडो चित्रपट काढत होता. त्यांपैकी आज शंभरात पाचही उरलेले नाहीत. त्याआधीच्या दशकातलं तर जवळजवळ काहीच नाही. ओनोए मात्सुनोसुके हा जपानचा पहिला मोठा चित्रपटतारा. मोठाले डोळे फिरवायचा, म्हणून लोक लाडानं 'डोळ्यांचा मात्चान' म्हणत. १९२६ मध्ये वारला तोवर त्यानं हजाराच्या आसपास चित्रपट केले होते. त्यांतले पाहता येण्याजोगे अगदी मोजके.

पहिलं कारण फिल्मच्याच अंगात होतं. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची. तिला लवचीकपणा यावा म्हणून त्यात कापूर मिसळत. होय, आरतीला लावतो तोच. (त्या काळी जगातला बराचसा नैसर्गिक कापूर तैवानातून येई आणि तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं.) आता नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण किती सहज पेटेल, हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ नको. जळताना ती स्वतःच प्राणवायू तयार करते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. जळली नाही तर नुसती पडून सडते. आधी चिकट होते, मग फुगते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी राहते. आपल्या पुण्यातही २००३ साली जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागून प्रभातच्या काळातला मोलाचा ठेवा गेला, त्यामुळे हे दुःख आपल्याला परकं नाही.

दुसरं कारण धंद्याचं. जपानी स्टुडिओ एका चित्रपटाच्या मोजक्याच प्रती काढत. तीच प्रत मोठ्या शहरातून छोट्या गावात, तिथून आणखी आडगावात फिरायची आणि झिजत झिजत संपायची. जी उरेल तिचे तुकडे करून खेळण्यांच्या दुकानात विकत. हातानं फिरवायचा छोटा प्रोजेक्टर आणि सोबत मिनिटभराची तलवारबाजी, असं ते खेळणं. ऐकताना वाईट वाटतं, पण कित्येक चित्रपटांचं आज जे काही उरलंय, ते त्या खेळण्यांतले तुकडेच आहेत. क्योतोमध्ये अशा तुकड्यांसाठी एक छोटं संग्रहालय आहे. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी बालपणाच्या पेटीत राहिले म्हणून ते वाचले.

मग निसर्ग आणि युद्ध. १ सप्टेंबर १९२३, दुपारचे १२ वाजायला दोन मिनिटं कमी. घरोघरी चुली पेटलेल्या असताना कान्तोचा मोठा भूकंप झाला. आगी लागल्या, लाखाहून अधिक माणसं गेली. माणसांच्या त्या आकड्यापुढे फिल्मचं बोलायला संकोच वाटतो. पण तोक्योतली गोदामं, स्टुडिओ आणि त्यांच्यासोबत जपानी सिनेमाची पहिली पंचवीस वर्षं त्याच आगीत गेली. चित्रपटनिर्मिती मोठ्या प्रमाणावर क्योतोला हलली आणि तलवारबाजीच्या चित्रपटांचं तेच माहेरघर झालं. पुढे १९४५ चे बॉम्बहल्ले. त्यातून जे वाचलं त्यातल्या २३६ चित्रपटांवर युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी, ते सरंजामी किंवा युद्धखोर आहेत म्हणून, बंदी घातली. त्यांतल्या काहींच्या प्रती जाळल्या गेल्या.

डबे कुठे कुठे सापडतात

किनुगासांनी १९२६ मध्ये 'कुरुत्ता इप्पेजी' म्हणजे 'वेडाचं एक पान' हा चित्रपट काढला. कथेत सहभाग होता कावाबाता यासुनारी यांचा, ज्यांना पुढे १९६८ चं नोबेल मिळालं. तेव्हा ते पंचविशीतले होते. बायको वेड्यांच्या इस्पितळात आहे, म्हणून तिच्याजवळ राहता यावं यासाठी एक म्हातारा खलाशी तिथेच झाडूवाल्याची नोकरी धरतो, एवढीच गोष्ट. पण ती सांगितली आहे ती वेड्याच्या डोक्यातून: एकावर एक चढलेली चित्रं, गजांआड नाचणारी मुलगी, कोसळणारा पाऊस. लिखित पाटी एकही नाही. दिवे कमी होते म्हणून सेटच्या भिंतींना चंदेरी रंग दिला, म्हणजे होता तेवढा उजेड परतून येईल. शेवटी म्हातारा रुग्णांच्या चेहऱ्यांवर हसरे मुखवटे चढवतो, ती मिनिटं मी एकदा पाहिली आणि नंतर बराच वेळ दुसरं काही पाहावंसं वाटलं नाही.

हा चित्रपट हरवला, असंच सगळे धरून चालले होते. किनुगासा मोठे झाले, त्यांच्या 'जिगोकुमोन'ला १९५४ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च मान मिळाला, आणि तरुणपणीचं हे धाडस इतिहासाच्या तळटिपेत राहिलं. १९७१ मध्ये त्याची फिल्म खुद्द त्यांच्याच घरच्या कोठारात सापडली. पंचेचाळीस वर्षं ती तिथेच होती.

अशा कथा कितीतरी. १९३० मध्ये गरीब मुलीच्या हालांवरच्या 'तिनं असं का केलं' या सुझुकी शिगेयोशींच्या चित्रपटानं जपानात गर्दीचे विक्रम केले. त्याची प्रत जपानात कुठेच नव्हती. ती १९९०च्या दशकात मिळाली रशियातल्या चित्रपट संग्रहात, पहिलं आणि शेवटचं रीळ नसलेली. तिनं नेमकं काय केलं ते चित्रपटभर वाढत जातं आणि ज्या प्रसंगासाठी हे सगळं चाललंय तोच गायब. १९१७ चं 'नामाकुरा गाताना' हे चार मिनिटांचं व्यंगचित्रपटाचं रत्न २००८ मध्ये ओसाकात जुन्या वस्तूंच्या बाजारातल्या खरेदीतून पुढे आलं. बोथट तलवार घेतलेला एक सामुराई ती कुणावर चालवून पाहावी म्हणून शिकार शोधतो आणि स्वतःच मार खातो. आज जगभर पोरं ज्या ॲनिमेसाठी वेडी आहेत, त्याचं हे जवळजवळ पाळण्यातलं रूप.

पण मला सगळ्यांत हलवणारी गोष्ट 'चूजी ताबी निक्की'ची आहे. ईतो दाइसुके यांनी १९२७ मध्ये तीन भागांत काढलेला हा चित्रपट. नायक कुनिसादा चूजी, जुगाऱ्यांचा म्होरक्या आणि गरिबांचा कैवारी. शेवटाकडे येईतो तो अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला आणि जवळच्यांनीच दगा दिलेला. १९५९ मध्ये जपानमधल्या एका प्रतिष्ठित चित्रपट मासिकानं समीक्षकांना विचारलं, आपल्या सिनेमाच्या साठ वर्षांतला सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता? उत्तर आलं हेच. त्या वेळी त्याची एकही प्रत अस्तित्वात असल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांनी तरुणपणी तो पाहिला होता, ते निव्वळ आठवणीवर मत देत होते. डिसेंबर १९९१ मध्ये हिरोशिमा भागात त्याची रिळं मिळाली. पहिला भाग नाहीच, दुसऱ्याचा काही तुकडा आणि तिसरा बराचसा. जे मिळालं ते पाहून लोक म्हणाले, म्हातारे खोटं बोलत नव्हते.

दिग्दर्शकाची कीर्तीसुद्धा कुठला डबा वाचला यावर ठरते, हे एकदा लक्षात आलं की चित्रपटांच्या कुठल्याही 'सर्वोत्तम दहा' याद्या मी जरा सैल हातानंच धरतो. यामानाका सादाओ घ्या. वीसहून जास्त चित्रपट केले, उरले तीन. त्यांतला शेवटचा, 'माणुसकी आणि कागदी फुगे', २५ ऑगस्ट १९३७ ला लागला आणि त्याच दिवशी त्याच्या हाती सैन्यात हजर होण्याचा हुकूम पडला. हाच आपला अखेरचा चित्रपट ठरला तर जरा वाईट वाटेल, असं त्यानं लिहून ठेवलं. सप्टेंबर १९३८ मध्ये तो चीनमध्ये आजारपणात गेला, वय २८. त्या तिन्ही चित्रपटांत एकही चुकार पाऊल नाही. उरलेल्यांत काय असेल, हा विचार मी सहसा करत नाही.

पाहायला बसताना

सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी 'वेडाचं एक पान' आधी सांगणार नाही. ते तिसऱ्या-चौथ्या वेळी पाहा. आधी ओझू यासुजिरो यांचा १९३२ चा 'जन्मलो खरे, पण...' पाहावा. जपानी सिनेमा म्हणजे संथ, गंभीर, चटईवर बसून चहा पिणारी माणसं, ही समजूत पहिल्या दहा मिनिटांत जाईल. नव्या वस्तीत राहायला आलेले दोन भाऊ शाळेला दांडी मारतात, दादागिरी करतात, आणि आपले वडील सगळ्यांत मोठे यावर त्यांचा ठाम विश्वास असतो. मग साहेबांच्या घरी एका संध्याकाळी घरगुती फिल्म दाखवतात आणि पडद्यावर दिसतं की बाबा साहेबांना खूश करायला वेडीवाकडी तोंडं करताहेत. मुलं घरी येऊन जेवण सोडतात. दोन पोरं बापाला विचारतात की तुम्ही त्यांच्यापुढे का वाकता, आणि बापाकडे उत्तर नसतं. नव्वदहून अधिक वर्षं झाली, बापाकडे अजून नाही.

मग १९२५ चा 'ओरोची'. बांदो त्सुमासाबुरो हा गैरसमजांनी घेरलेला, मनानं सरळ असलेला रोनिन (धनी नसलेला सामुराई), आणि शेवटी त्याच्याभोवती पडलेला शिपायांचा वेढा. तलवारबाजी इतकी दमलेली, इतकी खरी, की तिच्यापुढे आजच्या तारांवर उडणाऱ्या मारामाऱ्या बेचव वाटतात. सेन्सॉरनं याचं मूळ नाव बदलायला लावलं होतं, त्याचा अर्थ होता 'बदमाश'.

हे पाहताना शक्य असेल तर बेन्शीच्या आवाजासह असलेली प्रत मिळवा. भाषा कळत नसली तरी चालेल. बोलपट आल्यावर ही कला खरी तर संपायला हवी होती. गोशो हेइनोसुके यांचा बोलपट १९३१ मध्ये यशस्वी झाला आणि बेन्शींच्या नोकऱ्या जाऊ लागल्या, संप झाले. त्या संपांच्या पुढाऱ्यांत सुदा तेइमेई नावाचा तरुण बेन्शी होता, पुढे जगप्रसिद्ध दिग्दर्शक झालेल्या कुरोसावा अकिरांचा सख्खा थोरला भाऊ. धाकट्याला परदेशी चित्रपट दाखवायला तोच न्यायचा. १९३३ मध्ये त्यानं जीव दिला.

तरीही आवाज पूर्ण थांबला नाही. मात्सुदा शुन्सुई या बेन्शीनं युद्धानंतर गावोगाव फिरून जुनी रिळं गोळा केली, जपली आणि त्यांच्याशेजारी बसून बोलत राहिला. त्याची शिष्या सावातो मिदोरी १९७०च्या दशकापासून हेच करते आहे. तिच्या समोर मेज असतं, मेजावर छोटा दिवा, हातात स्वतः लिहिलेली संहिता. शंभर वर्षांपूर्वीची ती बाई पडद्यावर ओठ हलवते आणि इकडे सावातो तिचं वाक्य म्हणते.